निळ्या रंगाचे दोन हात

माझी नात बेकरीचे पाव पोचवते. डिझेल व्हॅन आमची, पाव त्यांचे. त्या फेरीवरच आमचं घर चालतं, आणि नेमकी ती व्हॅनच चढावर दम टाकायला लागली. पिवळा दिवा लागायचा आणि गाडी रांगायची. एकदा तर एक गोगलगाय आम्हाला ओलांडून गेली, आणि वर मागं वळून बघितलं तिनं! खोटं वाटत असेल तर त्या गोगलगायीलाच विचारा.

गॅरेजवाल्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. त्यानं स्कॅनर लावला. कोड आला, डिझेलच्या दाबाचा सेन्सर खराब. बदलला. परत दिवा. आता म्हणे हवेचा. तोही बदलला. मग धुराचा!

"डॉक्टर, रोज नवा आजार कसा हो निघतो?" नातीनं डोळे बारीक केले.

"माझ्यावर संशय? अगं, मला तर वाटतं कुणीतरी हिला हात लावतंय."

झालं! माझं डोकं थेट मिशाळकडे. तो बेकरीचा दुसरा ड्रायव्हर. नातीच्या फेरीवर त्याचा डोळा होता, आणि बेकरीवालीनं बजावलंच होतं, "उद्या पाव उशिरा पोचले तर फेरी मिशाळला."

मी खिडकीत पाळत ठेवून बसले. मिशाळ व्हॅनजवळून गेला आणि त्याची डावी मिशी हलली. फक्त डावी!

"आजी, वारा होता," नात म्हणाली. पण गुपचूप बॉनेटला दोरा बांधून आली.

पहाटे दोरा जसाच्या तसा, म्हणजे बॉनेट कुणी उघडलंच नव्हतं. नातीनं गाडी चालू केली, हेडलाइट लावले आणि इंजिन खोकलं. दिवे बंद केले, खोकला थांबला. लावले, पुन्हा खोकला. तिनं डॉक्टरला अंथरुणातून ओढून आणलं.

तो म्हणाला, "तीन सेन्सर, तिघंही खोटं बोलतायत. मग तिघांना पढवणारा एकच असणार."

सेन्सर, हेडलाइट, सगळ्यांचा करंट अर्थिंगच्या एका जाड वायरीतून बॅटरीकडे परत जातो म्हणे. गाडीच्या लोखंडात बसवलेला तिचा बोल्ट त्यानं सोडवला. खाली चकचकीत निळा रंग.

आमचं दार निळं. स्टूल निळं. बादली, माझी काठीसुद्धा निळी. आम्ही सगळे जावयाकडे वळलो. माझा जावई, म्हणजे नातीचा बाप, जे हलत नाही ते रंगवतो. एकदा मला दुपारी डुलकी लागली, तर उठून बघते, पायाची नखं निळी!

"बाबा!"

"गंज धरत होता गं. वायर काढली, दोन हात मारले, परत घट्ट बसवली."

"रंगातून करंट जातो होय?"

"रंग चांगल्यातला होता," जावई पुटपुटला.

डॉक्टरनं कानशीनं रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि वायर आवळली. नात सुसाट निघाली. हेडलाइट लावून चढ चढली, पिवळा दिवा नाही की खोकला नाही. पाव गरम पोचले. बेकरीवालीनं घड्याळ बघितलं आणि पुढच्या पावांकडे बोट दाखवलं. फेरी आमच्याकडेच राहिली. मिशाळच्या आता दोन्ही मिशा हलल्या म्हणे.

संध्याकाळी जावई व्हॅनपाशी घुटमळत होता. "इथं गंज धरणार बघा," म्हणाला.

तेव्हापासून व्हॅनची किल्ली माझ्या उशाखाली असते. आणि जावई खोलीत आला की मी आधी पाय पांघरुणात घेते.