अन्सेल्मोची हॅट

"ठेव ती हॅट खुर्चीवर," मी म्हणाले. "आणि तू शेजारी बस. ताठ बस जरा."

सातुर्निना माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, लोक हसतील गं."

"हसू देत. रडण्यापेक्षा बरं."

आमच्या सरोवरकाठच्या गावात प्रमुखपद नवराबायकोच्या जोडीलाच मिळतं. सातुर्निनाचा अन्सेल्मो तर केव्हाच गेलेला. पण वरच्या आळीला नळ यायचा तर प्रमुख वरच्या आळीतलाच हवा, आणि तिथे राहतात बहुतेक विधवा. मी जन्मभर बायकांना निवडणुकीला उभं करत आले. कुणाची सासू फितवली, कुणाची मेंढरं राखली. हिच्यासाठी मेलेला नवरा उभा करावा लागला, एवढंच.

सभेत मी विचारलं, "मेलेल्यांच्या सणाला अन्सेल्मो घरी जेवायला येतो ना? मग सभेला का नाही येणार?"

तेवढ्यात असा वारा सुटला, की कुणाचीशी गाय उडाली ती थेट सरोवरापलीकडे पेरू देशात जाऊन पडली. माझ्या डोळ्यांनी पाहिली. हॅट मात्र जागची हलली नाही. आला म्हणायचा अन्सेल्मो, बाप्यांनीच कबूल केलं! आमच्याकडे उमेदवाराच्या मागे रांगेत उभं राहून मत देतात. सातुर्निनाची रांग पार होड्यांच्या धक्क्यापर्यंत गेली.

पहिल्याच बैठकीत ती उठली. "पाइप वरच्या आळीपर्यंत न्यायचा. खणायला आम्ही बायका येतो."

तिचा दीर इलारियोन, त्याचं शेत खाली, पाण्याला लागून; पाइप वर गेला की त्याच्या वाट्याचं पाणी कमी होणार. तो खुर्चीपाशी गेला, हॅटला कान लावला. "दादा म्हणतोय, नको."

सगळे खो खो हसले. पुढच्या बैठकीत कमी हसले. त्यानंतर कुणी हसलंच नाही, सरळ पुढच्या विषयाकडे वळले.

"भाऊजी, पाणी वाहून वाहून पाठ मोडली होती त्यांची," सातुर्निना म्हणाली. "ते नको म्हणतील?"

"वहिनी, जोडीतला एक नाही म्हणतोय. मी काय करू? सख्ख्या भावाचं मन मला नाही कळणार?"

मी उठले. "मुडद्या, जिवंत होता तेव्हा त्याच्याशी बोलत नव्हतास. आता बऱ्या गप्पा रंगतात!"

"आजी, त्याला सभेत आणला कुणी?"

एकदा सातुर्निना हॅट घरीच ठेवून आली. तर म्हणे, जोडी मोडली, पद सोडा. मुकाट्याने जाऊन घेऊन आली.

प्रमुखपदाचं वर्ष सरलं. निरोपाचे हार घातले, पहिला हॅटला. इलारियोनने भाषण ठोकलं, "माझ्या भावाने गाव चांगलं सांभाळलं." टाळ्या पडल्या.

माणसं पांगली. सातुर्निना तिथेच उभी.

"आजी, मी बोलले होते ना गं? सगळ्यांना ऐकू गेलं होतं ना?"

"गेलं होतं पोरी. सरोवरापलीकडे गेलं होतं. तिकडची माणसं होड्या थांबवून ऐकत होती."

"थापा नको मारूस, आजी."

तिने पाण्याचे दोन्ही डबे उचलले आणि ती चढ चढायला लागली.