गच्चीवरची दोरी

आमची धम्मशीला लहानपणापासून हट्टी. ते कुणावर गेलं, हे तिचे वडील सांगतील. मी सांगणार नाही. पालमला शिवणकाम शिकून आली आणि गावातल्या पाच बायकांना घेऊन धुऊन पुन्हा वापरायचे कापडी पॅड शिवायला बसली. पाचही जणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या. वर्षभरात गावाबाहेरच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम मिळालं आणि सहा मशिनी दिवसभर खडखडायला लागल्या.

दिवाळीनंतर वसतिगृहातून निरोप आला. पोरींना खाज सुटते, पॅडला वास येतो. महिनाभरात सुधारलं नाही तर काम बंद. पाच जणींची तोंडं उतरली. पुन्हा खुरपं हातात घ्यायची वेळ आली होती.

धम्मशीलाने शिवण उसवून पाहिली, कापड तपासलं. खोट काही सापडेना. मग ती वसतिगृहातच गेली आणि पोरींना विचारलं, धुतल्यावर वाळवता कुठे? पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. शेवटी एकीने आपली पत्र्याची पेटी पुढे ओढली. तिच्यामागे, भिंतीच्या कोपऱ्यात, ओलसर पॅड दडवून ठेवलेले. गच्चीवर घातले तर रस्त्यावरून दिसतात, म्हणाली.

घरी येऊन हिने अंगणात, अगदी रस्त्याच्या कडेला दोरी बांधली आणि स्वतःचे पॅड वाळत घातले. आमच्या घरातून बाजूला बसणं कधीच गेलं होतं, पण लाज गेली नव्हती. ती आत गेल्याबरोबर मी माझं जुनं पातळ नेऊन त्यावर पसरलं. तिने बाहेर येऊन ते काढलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"आई, अंधारात वाळू घालायचं मी तुझ्याकडूनच शिकले. त्या पोरीबी त्यांच्या आयांकडूनच शिकल्यात. आता उन्हात घालायला कोण शिकवणार?"

मला राग आला. खरं बोलली म्हणून जास्तच आला. तरी सकाळी तिच्यासोबत वसतिगृहाच्या गच्चीवर गेले आणि धुतलेला पहिला पॅड दोरीवर मीच टाकला. पन्नाशी उलटलेली बाई लाजत नाही म्हटल्यावर पोरी एकेक करून वर यायला लागल्या. महिनाभरात तक्रार मिटली, काम टिकलं. आता तर पोखर्णीहूनही विचारणा आली आहे.

परवा मी एसटीने पालमला निघाले. वसतिगृहाजवळ गाडी हळू झाली. गच्चीवर फुलाफुलांचे पॅड ओळीने वाळत होते. शेजारी गावातलेच दिनकरराव बसले होते. लहान लेकरांचे लंगोट आहेत का काय, असं त्यांनी मला विचारलं. मुलींच्या वसतिगृहात लंगोट कुठून येणार, एवढंही त्या भल्या माणसाला सुचलं नाही.

उभ्या जन्मात परक्या पुरुषासमोर मी तो शब्द तोंडातून काढला नव्हता. गाडी भरलेली होती.

"न्हाई, दिनकरराव. पाळीचे पॅड हायत ते," मी म्हणाले. "माझ्या लेकीनं शिवलेत."

ते चटकन पुढे बघायला लागले. मी मात्र मान वळवून गच्ची दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. दोरीवर लख्ख ऊन पडलं होतं, आणि एकावरही पातळ पसरलेलं नव्हतं.