माझ्या पोटातल्या दोन पट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बपेरा गावच्या कृष्णरावांच्या घरी, धानाच्या पोत्यांशेजारी एका टेबलावर माझा मुक्काम. त्यांची मुलगी डिंपल शाळेत होती, तेव्हा भंडाऱ्याहून एसटीने तिच्या मांडीवर बसून मी आलो. माझ्यावर तिने अभ्यास केला आणि गावच्या सप्ताहातली कीर्तनं माझ्या पोटात साठवली. कृष्णरावांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून रोज संध्याकाळी धानाच्या बांधीतून आले, हातपाय धुतले, की ते माझ्यासमोर हात जोडून बसत. बुवांचं निरूपण रंगे, टाळ वाजत, आणि माझी छाती भरून येई.

पण खरं सांगतो, बुवा माझ्याच तोंडून "मत्सर सोडा" म्हणत, तेव्हा मी आतून जळत असे. डिंपल शिकवणीच्या कमाईतून गेम खेळायचा नवा संगणक जुळवत होती. एकेक भाग येऊन तो माझ्या शेजारीच उभा राहिला. काचेचं अंग, आत रंगीत दिवे! त्याच्यासाठी लागणारं सामान ती शोधायची तेही माझ्याच पडद्यावर. सवतीचा साज मीच दाखवायचा! आता फक्त रॅमच्या पट्ट्या राहिल्या होत्या. पण दर वेळी भाव चढलेला दिसे आणि डिंपलचा चेहरा उतरे. मी मात्र खूश. अजून वाढू दे, म्हणायचो.

एक दिवस तुमसरचा संगणकांचा दुकानदार जागेश्वर आला. म्हणाला, "नवी रॅम आता सोन्यावाणी झाली ना वं! या म्हाताऱ्यात दोन पट्ट्या हायेत, तुझ्या नव्याले चालते. काढ अन् लाव."

"मंग हा?" डिंपलने माझ्याकडे बोट दाखवत विचारलं.

"हा काय, भंगारात."

ज्या महागाईवर मी हसलो, तीच माझ्या जिवावर उठली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कृष्णरावांनी विळे, फावडी धुऊन मांडली, कुंकू लावलं. मला लावलं, माझ्याजवळ पडलेल्या पेचकसालाही लावलं. डिंपल धावत आली.

"बाबा, पेचकसले कुंकू काहून लावलं? मले कॉम्प्युटर खोलायचा होता!"

"आज अवजाराले आराम असते पोरी. हात नाही लावत."

"अन् कॉम्प्युटरले?"

"त्यालेही कुंकू लावलं ना. आज तोही बंद."

"मंग तुमचं कीर्तन?"

कृष्णरावांनी वळून माझ्याकडे पाहिलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

संध्याकाळी ते हातपाय धुऊन आले, माझ्यासमोर बसले, उठले, अंगणात जाऊन परत आले. स्वतःच अभंग म्हणू लागले, तर दुसऱ्याच ओळीला अडले.

"जेवा ना," त्यांची पत्नी सरिता म्हणाली.

"भूकच नाही वं."

डिंपल दारातून बघत होती.

दसऱ्याला तिने मला उघडलं. एक पट्टी काढली. दुसरीवर बोट ठेवलं, थांबली, आणि माझं झाकण लावून टाकलं.

"बाबा, हा आता हळू चालन."

"चालू दे. मले कोणती गाडी पकडाची हाय?"

माझी एक पट्टी आता त्या काचेच्या घरात आहे. हेवा संपला, असं म्हणवत नाही. पण त्याचा गेम अडखळला, की मलाच ओशाळल्यासारखं होतं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं मोडण्याआधी त्याला एक दिवस बंद ठेवून बघा. त्या दिवशी घरात कोणाचं ताट तसंच राहतं, तेवढं पाहा.