गाळणकागदावरचं मीठ

ताईची लाँड्री टायर जाळून तेल काढणाऱ्या भट्टीपासून दोनशे पावलांवर आहे. लाँड्री आधीची, भट्टी नंतरची. हा क्रम मुद्दाम सांगतो, कारण भट्टीचे मालक परवान्याच्या प्रत्येक सुनावणीत तो उलटा सांगत आले. रुग्णालयाच्या चादरी धुऊन वाळत घालायच्या, तासाभरात त्यांच्यावर काजळीचे ठिपके उमटायचे, की पुन्हा भिजवायच्या. चौदा वर्षं तिने एकेक चादर दोनदा धुतली. फुफ्फुसं अशी धुता येत नाहीत. आता ती काउंटरमागे खुर्चीत बसते. नाकात नळी, शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. भट्टीच्या परवान्याला आणखी पाच वर्षं मिळाली तर ती पाचही वर्षं तिच्या वाट्याला येणार नाहीत, हे डॉक्टरांनी तिला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं आहे.

भट्टीचे मालक यायच्या आधी त्यांचं अत्तर येतं, म्हणून इस्त्रीवाल्या बायका त्यांना अत्तरसाहेब म्हणतात. मागच्या सुनावणीत ताईने काजळलेली चादर टेबलावर पसरली, तेव्हा ते हसून म्हणाले, "बाई, चादर म्हणजे यंत्र नव्हे." आणि त्यांनी परवान्यात एक अट घालून घेतली: शाळेच्या गच्चीवरच्या, हवेतली धूळ मोजणाऱ्या सरकारी यंत्राचा आकडा तेवढाच ग्राह्य, त्यामागचं कारण परवानाधारकाखेरीज कोणी मांडायचं नाही, आणि त्यानेही लेखीच मांडायचं. वाक्यरचना निर्दोष होती. आयुष्यभर ग्रंथ चाळूनही अज्ञानाची इतकी नेटकी तटबंदी माझ्या वाचनात आलेली नाही.

ते यंत्र चोवीस तास हवा ओढून एका गोल गाळणकागदातून सोडतं. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे हवेतली धूळ. प्रयोगशाळेत तोलण्याचं काम माझ्याकडे आहे. ताईशी असलेलं नातं मी वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, म्हणून प्रत्येक कागद माझ्यानंतर एक सहकारी पुन्हा तोलते. आमची वजनं कधी वेगळी आलेली नाहीत.

नूतनीकरणासाठी शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरतात. मर्यादा घनमीटर हवेत शंभर मायक्रोग्रॅम, त्या गच्चीवर एरवी एकशे चाळीस यायचे. भट्टीला धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांची मोठी पेटी आहे. ती रोज चालवली असती तर आकडा सहज खाली आला असता. पण पेटीचा पंखा वीज खातो, म्हणून तो फक्त तपासणीच्या दिवशी फिरे. त्याऐवजी अत्तरसाहेबांनी शाळेच्या गच्चीला पाण्याचे बारीक तुषार उडवणारी तोफ भेट दिली. मुलांना गारवा मिळावा म्हणून! तोफेला पाणी शाळेच्या बोअरचं होतं, आणि तिचं तोंड सरकारी यंत्राकडे.

तोफ सुरू झाल्यानंतरचा पहिला कागद चिमट्याने उचलला आणि थबकलो. एरवी काळा येणारा कागद राखाडी-पांढरा होता, आणि वाढलेलं वजन एरवीच्या जवळजवळ दीडपट. सहकारीचंही तेच. नियमाप्रमाणे कागदाचा तुकडा शुद्ध पाण्यात बुडवला; पांढरेपणा विरघळून गेला, काळेपणा राहिला.

त्या दुपारी ताईला विचारलं, "ताई, इथल्या बोअरचं पाणी कसं आहे गं?"

"अरे पंडिता, एवढी पुस्तकं वाचलीस आणि हे माहीत नाही?" ती धाप सावरत म्हणाली. "साबणाला फेस नाही येत त्याने. इस्त्रीत घातलं तर आठ दिवसांत भोकं बुजतात. मीठ आहे नुसतं. म्हणून तर मी नळाचं पाणी साठवते."

"आणि फवारलं तर?"

"पाणी उडून जाईल, मीठ राहील. ज्याने जन्मात एक रुमाल धुतला नाही त्यालाच हे कळायचं नाही." मग माझ्याकडे पाहून तिचे डोळे बारीक झाले. "कोणी फवारलं रे?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की इस्त्रीवालीने धावत येऊन तिची पाठ चोळली.

तीन महिने मी फक्त वजनं लिहिली. सरासरी दोनशे बारा आली.

सुनावणीच्या आदल्या सकाळी वजनखोलीच्या दारात अत्तर आलं, मागोमाग साहेब. "अहो, आकडा चुकलाय! आम्ही इतकी काळजी घेतली..."

"दार लावा आणि जरा लांब उभे राहा. तुमच्या श्वासानेसुद्धा हा काटा हलतो."

ते भिंतीला टेकले. मी कागद तोलून झाकला आणि सांगितलं, "आकडा बरोबर आहे. त्यातलं बरंचसं मीठ आहे. तुमच्या तोफेचं."

त्यांच्या चेहऱ्यावर आशा उजळली. ती मी पुरती उजळू दिली. "मग तसं लिहा ना साहेब! धूळ नाही, मीठ आहे म्हणून!"

"मला कारण मांडता येत नाही. अट तुमचीच आहे. तुम्ही मांडू शकता, लेखी." मी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "लिहा, सरकारी यंत्रावर तीन महिने पाणी मारत होतो. अशा छेडछाडीला परवाना कायमचा रद्द आणि खटला आहे. न लिहिल्यास फक्त नूतनीकरण नाकारलं जाईल. वर्षाने पुन्हा अर्ज करता येईल. तेव्हा पिशव्यांचा पंखा फिरल्याशिवाय भट्टी पेटूच नये, अशी जोडणी करून घ्यावी लागेल. परवाना समितीला ती शिफारस मी पाठवली आहे."

"वर्षभर भट्टी बंद? मी बुडेन हो!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या बहिणीचं कळलं. वाईट वाटलं. माणसाने माणसाकडे बघावं..."

"बघतोय."

त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. माझ्या अंगात दया नाही असं नाही. मी ती शोधली, सापडली, आणि जिथे होती तिथेच ठेवली. ते काही न लिहिता निघून गेले. त्यांचं अत्तर जावं म्हणून खिडकी उघडावी लागली. दुसऱ्या दिवशी समितीने नूतनीकरण नाकारलं.

"बंद झाली?" संध्याकाळी ताईने विचारलं.

"उद्या विझवतायत."

"मी बरी होणार नाही त्याने."

"नाही."

"माहितीये." तिने नळी नीट केली. "पण विझवताना मला तिथे ने. खुर्ची घेऊन चल. त्या अत्तरसाहेबाने मला बघितलं पाहिजे."