तापलेली जमीन

ह्येरानने घराची जमीन खालून तापवणाऱ्या बॉयलरचा आकडा खाली आणला. ती वळते न वळते तोच सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी तो पुन्हा वर नेला.

“पोराच्या पायांना ऊब लागू दे. आमच्या घराण्याची दुखणी या जमिनीनंच काढली.”

“आई, त्यांच्या पायांना ऊब कळतच नाही.”

“ऊब कळत नाही आणि आग बरी कळते? तुझ्या गोळ्यांनी नुसता पेंगतो. आता पाठीत तार घालायची म्हणे. माणूस आहे की रेडिओ?”

तिचा नवरा मूनसिक जमिनीवरच्या पातळ गादीवर, भिंतीकडे तोंड करून पडला होता. गोठ्याच्या छपरावरून पडल्यापासून कमरेखाली त्याला स्पर्श कळत नव्हता; तरी त्याच पायांत उकळतं तेल ओतल्यासारखं दुखायचं. दुखणं पायांत नाही, इजा झालेल्या मज्जारज्जूत आहे, असं जॉन्जू शहरातले डॉक्टर म्हणाले होते. गोळ्या पुरेनात. आता ते म्हणत होते, दुखणं दबवायला मज्जारज्जूला विजेचे हलके झटके देणारी तार आठवडाभर घालून बघू, उतार पडला तर ठेवू, नाहीतर काढू. होकार की नकार ते उद्या कळवायचं होतं, आणि ते मूनसिकनेच ठरवायचं होतं.

“तूच सांग रे,” सासूबाई म्हणाल्या, “जमिनीनं बरं वाटतंय की नाही?”

“वाटतंय.”

“ऐकलंस?” त्या ह्येरानला म्हणाल्या आणि किमचीचं लोणचं मुरत ठेवलेल्या रांजणांकडे अंगणात गेल्या.

“मग राहा आईच्या जमिनीवर,” ह्येरान म्हणाली. “कण्हून मला कशाला जागवता?”

त्याची कूस बदलायला तिने पांघरूण ओढलं. गादीबाहेर तापल्या जमिनीला टेकलेल्या डाव्या टाचेवर भाजल्याचा अक्रोडाएवढा फोड आला होता. कडेची कातडी पांढरी पडली होती.

तिने टाच उचलून त्याला दाखवली. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा तो बघत राहिला.

“दुखतंय इथं?”

“तिथं वेगळं काही नाही. नेहमीचंच, सगळीकडे.”

“मग बरं वाटतंय कशाला म्हणालात?”

“आई एवढं तापवते,” तो म्हणाला. “काय म्हणू?”

अंगणातून चपला वाजल्या. ह्येरानने टाचेखाली घडी केलेला टॉवेल सरकवला. सासूबाईंना दाखवायला आता तिच्याकडे हवा तो पुरावा होता. तरी टाच झाकायला तिचा हात पांघरुणाकडे गेला. मूनसिकने पांघरूण धरून ठेवलं.

“असू दे उघडं. बघू दे तिला.”

सासूबाई दारात थांबल्या. त्यांची नजर टाचेवरच्या फोडावर गेली. मग सुनेकडे न बघता त्यांनी विचारलं,

“किती जाड असते ती तार?”