दोन ओळींचा कागद

मित्रांनो, मी तळहाताएवढा एक कागद आहे, आता जुना झालेला. माझ्या कपाळावर कुंकू आहे, आणि माझं दुर्दैव तिथूनच सुरू झालं.

२०१० च्या फेब्रुवारीत मी छापला गेलो. कॅनडातल्या केंब्रिजच्या रवींद्रने निवृत्तीच्या बचतखात्यात पैसे भरले, त्याच वर्षी त्याच्या कंपनीनेही भरले, आणि मर्यादा ओलांडली गेली. जास्तीचे पैसे त्याने रीतसर अर्ज करून परत घेतले. त्याची मी स्लिप. टॅक्स रिटर्नमध्ये मला दोनदा लिहायचं असतं, एकदा मिळकतीत आणि एकदा वजावटीत. उरतं शून्यच. पण लिहावं लागतं.

रवींद्रची बायको सुहासिनी नेमाची. घरात आलेलं चांगलं काही आधी देवापुढे ठेवायचं, हा तिचा रिवाज.

“अहो, पैसे परत आल्याचा कागद आलाय!”

“रिटर्नला लावायचा का गं तो?” बर्फातले बूट काढत रवींद्रने विचारलं.

“आपलेच ना ते? शेजारणीने वाटी परत केली, तर नवं भांडं घेतलं म्हणतात का?”

“बरं बाई. देवाचं ऑडिट झालं म्हणायचं!”

तिने मला कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यातल्या वस्त्राखाली सरकवलं. तिथून मी रोज तिचं मागणं ऐकायचो. ते एकच असे: चार वर्षांच्या गौरांगीला वाचा फुटू दे. गौरांगी बोलत नव्हती. दर मंगळवारी तिला स्पीच थेरपीला नेत, फी भारी होती. तरी सप्टेंबरात तिला तीन शब्द आले. पाणी, बाबा, मोअर. सुहासिनीने देवापुढे साखर ठेवली.

ऑक्टोबरात टॅक्स ऑफिसचं पत्र आलं. माझी दुसरी प्रत त्यांच्याकडे होतीच. त्यांनी ती मिळकतीत धरली. वजावट मागायची असते, ती कुणी मागितलीच नव्हती. मागता येते, हेच या दोघांना ठाऊक नव्हतं. कर अधिक व्याज रवींद्रने भरलं. मंगळवारचे पैसे त्यात गेले, आणि थेरपी थांबली.

चैत्रात हळदीकुंकवासाठी देव्हारा घासताना, मदतीला आलेल्या रिचमंड हिलच्या अरुणावहिनींना मी सापडलो. त्या लोकांचे रिटर्न भरून देत.

“अगं सुहासिनी, हा इथे? देवाला कुठे टॅक्स असतो? दोन ओळींचं काम होतं गं!”

सुहासिनीने टॅक्स ऑफिसचं पत्र आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

वहिनींनी दुरुस्तीचा अर्ज केला. ऑगस्टमध्ये पैसे परत आले. त्याच दिवशी सुहासिनीने थेरपीच्या बाईंना फोन लावला. गौरांगीची जागा कधीच भरली होती. नाव पुन्हा यादीच्या तळाशी, दीड वर्ष तरी थांबायचं.

मधल्या महिन्यांत तिचे तिन्ही शब्द गेले. आता तहान लागली की ती नळाकडे बोट दाखवते. सुहासिनी पेला भरते, तिच्यासमोर धरते आणि हळूच म्हणते, “म्हण, पाणी.” थोडा वेळ वाट पाहते. मग पेला देऊन टाकते.

मित्रांनो, माझ्यासारखा कागद घरी आला, तर त्याला नमस्कार जरूर करा. पण आधी तो शेवटपर्यंत वाचा, आणि कळला नाही तर जाणत्याला विचारा. माझं काम दोन ओळींचंच होतं. ते वेळेवर झालं असतं, तर या घरात आज कुणीतरी पाणी मागितलं असतं.