प्लास्टिकमधली वीट

दौलतरावांनी चाकणच्या कंपनीत जन्म काढला तो पॅकिंग खात्यात. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. मोशीच्या घरात रिमोट पिशवीत, आणि सोफा दुकानातून आला त्याच प्लास्टिकमध्ये. पाहुणा टेकला की सोफा असा करकरे, की बिचारा पुन्हा उभाच राही.

मायेला वेष्टन नव्हतं ते फक्त चंद्री गाईपुरतं. आणि नेमकी चंद्रीच हातची जायला निघाली होती. माजावर येईना, पेंड सोडून भिंत चाटी, शेजारच्या बिल्डिंगची बनियनं चघळी. दौलतरावांच्या बायकोनं, सुमनताईंनी निक्षून सांगितलं, "दिवाळीपातुर गाभण न्हाई ऱ्हायली, तर माजा दादा तिला न्ह्यायला टेम्पो घिऊन येतोय."

दौलतरावांनी जनावरांच्या डॉक्टर करिष्मांना बोलावलं.

"काका, पोट भरतंय तिचं. पण तांबं, जस्त, कोबाल्ट मिळत नाही. लागतं कणभरच, पण त्यावाचून सगळं अडतं."

"म्हंजी कालवणातल्या मिठावानी?"

"अगदी. ही खनिजांची वीट गव्हाणीवर टांगा. ती चाटेल."

वीट टांगली. महिना गेला, चंद्री काही माजावर येईना. "औषधबी वाया गेलं," असं दौलतराव गल्लीभर सांगत सुटले. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, तर वीट आरशासारखी चकाकत होती.

"काका, प्लास्टिक का नाही काढलं?"

"धूळ बसती की! प्याकिंग फुटलं की माल रिजेक्ट. मी रोज पुसतो, बघा कशी चमक हाय."

"चमक तुमची नाही, तिच्या जिभेची आहे," म्हणत बाई पालथ्या बादलीवर बसून हसत सुटल्या.

दौलतरावांना मात्र हसू आलं नाही. "रोज मागत व्हती की गं तू," ते चंद्रीच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, आणि त्यांनी प्लास्टिक टराटरा फाडलं.

गणपतीत एका पहाटे चंद्री माजावर आली आणि अशी हंबरली, की बिल्डिंगचा वॉचमन तक्रार घेऊन आला. दौलतरावांनी त्याच्या तोंडात पेढाच कोंबला आणि डॉक्टरीणबाईंना रेतनासाठी बोलावून घेतलं. दिवाळीच्या तोंडावर बाईंनी तपासून सांगितलं, गाभण आहे.

सुमनताईंनी भावाला फोन केला, "टेम्पो नगं धाडू." मग कात्री घेतली आणि सोफ्याचं प्लास्टिक उभं कापलं.

"अगं, अगं!"

"गप बसा. गाईला समजलं, तुमाला कवा समजायचं?"

दौलतराव भीत भीत टेकले. सोफा करकरला नाही. इतका मऊ सोफा आपल्या घरात आहे, हे त्यांना आज कळलं.